डॉसमधला मेहुणा

माझे सासरे सलून चालवतात आणि त्यांना छातीपर्यंत दाढी होती. लग्न ठरलं तेव्हा मी हे माझ्या आईला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, "पण चालतं ना दुकान?" चालायचं, चांगलं झोकात चालायचं. नवं गिऱ्हाईक मात्र दारात थबकायचं. समोर पांढरा कोट, हातात वस्तरा आणि गळ्याखाली जाळीच्या पिशवीत कोंबलेली दाढी, म्हणजे ती कुणाच्या फेसात पडू नये. माणूस एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा आरशात स्वतःकडे, आणि "नुसते केस बारीक करा" म्हणत अंग चोरून खुर्चीत बसायचा.

दाढीचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मला मात्र ते माझ्या नवऱ्यानं लग्न होईपर्यंत सांगितलं नाही. नंतर जाब विचारला तर म्हणाला, "तू पळून गेली असतीस." कारण असं, की बाबांना बुद्धिबळात एका कॉम्प्युटरनं हरवलं होतं, आणि त्याला हरवल्याशिवाय स्वतःच्या गालाला वस्तरा लावणार नाही, असं ते भर दुकानात बोलून बसले होते.

त्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर माणूस नुसता हट्टी वाटेल. हट्टी ते आहेतच. पण बुद्धिबळात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. दुकानातल्या बाकावर पट कायम मांडलेला. ज्याची पाळी यायची आहे त्यानं बसायचं आणि चाल करायची. बाबा कुणाच्या तरी कानामागची कड सारखी करता करता, मागे वळूनही न बघता सांगायचे, "माझा उंट उचल आणि तुझा हत्ती खा." शाळेतले मास्तर, पोस्टमन, बँकेतले साहेब, सगळ्यांना त्यांनी पाणी पाजलेलं. त्यामुळे एका गिऱ्हाइकानं बदली होऊन जाताना आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात मारला आणि "यात बुद्धिबळ आहे" असं सांगितलं, तेव्हा ते नुसते हसले. घरी आणून जोडला. डॉस नावाची जुनी सिस्टिम. चित्रं नाहीत, गाणी नाहीत, काळ्या पडद्यावर एक पट आणि खाली मिणमिणणारी एक रेघ. पहिल्याच डावात त्यानं बाबांचा धुव्वा उडवला. दुसऱ्या दिवशी दुकानात कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय कॉम्प्युटर?" आणि बाबांचा जिभेवरचा ताबा सुटला. आठवड्याभरात उरकेल असा त्यांचा अंदाज होता. त्यानंतर माझा नवरा शाळेतून कॉलेजात गेला, नोकरीला लागला, मी घरात आले, आणि दाढी वाढतच राहिली.

त्या बुद्धिबळाला ते मेहुणा म्हणायचे. "घरात येऊन ऐसपैस बसतो, तोंडातून शब्द काढत नाही, आणि शेवटी आपल्यालाच गप्प करतो," असं त्यांचं म्हणणं. यावर सासूबाईंचा कायमचा आक्षेप.

"माझा सख्खा भाऊ गरीब गाय आहे. त्याच्या नात्याला कशाला बट्टा लावता?"

"त्याला कुठे काय म्हणतोय? तो तर हरतो माझ्याकडून."

रोजचा क्रम ठरलेला. दुपारी दुकान बंद करून घरी यायचं, जेवायचं, आणि आई, म्हणजे सासूबाई, आतल्या खोलीत आडव्या झाल्या की बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरशेजारी लाकडी पट मांडायचा. पडद्यावरच्या पटावर बाबांचा विश्वास नव्हता. मेहुण्याची चाल दिसली की ती आधी लाकडावर करायची, मग दाढीत हात घालून विचार, मग आपली चाल लाकडावर, आणि मग ती एका बोटानं कीबोर्डवर. चहाच्या वेळेपर्यंत बाबांवर मात. इतक्या वर्षांत एकदाही जिंकले नाहीत. पण रागानं पट उधळलाय असंही कधी झालं नाही. हरल्यावर पडद्याकडे बघून "उद्या या" म्हणायचे, बटण बंद करायचे आणि दुकान उघडायला जायचे.

मग एक दिवस तो कॉम्प्युटर गेला. आतून फट्ट असा आवाज आला, करपल्याचा वास सुटला आणि संपलं. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. मला आधी वाटलं, एका खोक्यासाठी एवढं काय. मग डोक्यात प्रकाश पडला. मेहुणाच नसेल तर हरवायचं कुणाला, आणि हरवलं नाही तर चारचौघांत दिलेला शब्द जन्मभर तसाच लोंबकळत राहणार. मी माझ्या फोनवर बुद्धिबळ काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी फोन दोन बोटांत धरून लांबून बघितला.

"हा कोण?"

"बुद्धिबळच आहे, बाबा. याला हरवा."

"परक्याला हरवून काय करू? याचं माझं काही भांडण आहे का?"

इथे माझ्या नवऱ्याचा प्रवेश होतो. हा माणूस ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो आणि घरी लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमचं कौतुक सांगून आमचे कान किटवतो. ऑफिसानं मोडीत काढलेला एक लॅपटॉप तो घेऊन आला, त्यावर लिनक्स घातलं, आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातली डिस्क काढून मेहुण्याला तिच्यातून सहीसलामत बाहेर आणलं. आता पेच असा, की मेहुणा डॉसचा आणि घर लिनक्सचं. त्याला इथलं काही कळेना, तो दारातच अडून बसला. यावर उपाय म्हणजे एम्युलेटर, असं नवऱ्यानं जेवताना जाहीर केलं.

"म्हणजे बघ आई, नव्या घरात एक खोली हुबेहूब जुन्या घरासारखी बांधायची. तसंच दार, तशीच खिडकी. जुना माणूस आत बसतो आणि त्याला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

"म्हणजे फसवायचं," आई म्हणाल्या.

"फसवायचं नाही गं. सोय करायची."

मी भात कालवत राहिले. लग्नानंतर माझीही अशीच सोय करण्यात आली होती.

खोली बांधली तर खरी, पण पहिल्या दिवशी तिच्यातला पट पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसायला लागला. बाबांनी दुकानातून भिंग आणलं आणि नाक पडद्याला टेकवून बसले. मग नवऱ्यानं काहीतरी खटपट केली तर पट एवढा फुगला, की राजा पडद्याच्या बाहेर गेला. बाबा म्हणाले, "राजा बाहेर जाऊन खेळणार का?" शेवटी एकदाचं बसलं बस्तान. तोच काळा पडदा, तीच मिणमिणती रेघ. बाबांनी लाकडी पट मांडला, खुर्ची पुढे ओढली आणि हळूच म्हणाले, "या." डोळे भरले होते त्यांचे. मी लांबून बघितलं आणि मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

पण त्या लॅपटॉपचा पंखा. मेहुणा विचार करायला लागला की तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. आणि आईंची दुपारची झोप म्हणजे आमच्या घरातली अशी गोष्ट, की कुरियरवालासुद्धा त्या वेळी बेल न वाजवता पाकीट शेजारी देऊन जातो. एक-दोन दुपारी त्यांनी कानावर उशी दाबून काढल्या. त्या दुपारी बाबा नेहमीसारखे रीतसर हरले, हे सांगून ठेवते. मग आईंनी मुलाला बोलावलं आणि म्हणाल्या, "त्या डब्याला गप्प कर, नाहीतर मी त्याला बादलीत बुडवते." नवऱ्यानं कसल्याशा दोन कळा दाबल्या. पंखा शांत झाला, आई झोपल्या, सगळे खूश झाले.

लगेच दुसऱ्या दुपारी बाहेरच्या खोलीत खुर्ची धाडकन पडली. मी सुट्टी घेऊन कपाट आवरत होते, ते टाकून धावले. बाबा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे. लाकडी पटावर मेहुण्याचा राजा कोपऱ्यात कोंडलेला आणि पडद्यावर खाली इंग्रजीत एक ओळ.

"सूनबाई, वाच ते."

"तो हरलाय, बाबा."

"पुन्हा वाच."

"हरलाय. तुम्ही जिंकलात."

एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, असे ते रस्त्यानं निघाले. मी दुसरी चप्पल हातात घेऊन मागे. आई आत घोरत होत्या. दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज ऐकून आधी समोरची फुलवाली आली, मग शिंपी, मग पोस्टमन पत्रांची पिशवी तशीच खांद्याला लावून. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या सलूनचा मालक, ज्याच्याशी बाबांचं एरवी फारसं पटत नाही, तो स्वतःचा ठेवणीतला साबण घेऊन आला आणि म्हणाला, "बसा, मी करतो." बाबा म्हणाले, "शब्द माझा, गाल माझा." स्वतःच्या खुर्चीत ते बहुधा पहिल्यांदाच बसले असतील. आधी कात्री, मग फेस, मग वस्तरा. गल्ली श्वास रोखून बघत होती. फुलवाली मध्येच म्हणाली, "सावकाश, सवय नाही तुम्हाला," आणि सगळे फिसकन हसले.

दाढीखालून जी हनुवटी निघाली तिला मधोमध खळी होती. अर्धा चेहरा उन्हानं रापलेला आणि अर्धा पांढराफटक, असा दोन मजली चेहरा घेऊन बाबा वळले आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. मग दिवेलागणीपर्यंत त्यांनी दिसेल त्याची दाढी फुकट केली. पोस्टमनची तर सकाळीच झालेली होती, तरी तो हौसेनं पुन्हा बसला. फुलवालीनं मलाच खुर्चीत ढकलायचा प्रयत्न केला. मी हसून हसून बाकावर आडवी झाले होते, त्या नादात पट सांडला, पण त्या दिवशी कुणी कुणाला रागावलं नाही.

घरी आलो तर दार आईंनी उघडलं. समोरच्या गुळगुळीत माणसाकडे बघून म्हणाल्या, "कोण पाहिजे?"

"अगं, मी."

आवाज ओळखीचा, चेहरा अनोळखी. त्या मटकन दारातल्या स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या ते थांबेचनात. रात्री वाढताना मात्र चोरून चोरून त्यांच्याकडे बघत होत्या आणि चक्क लाजत होत्या. मी आणि नवरा मान खाली घालून मुकाट्यानं जेवलो.

पुढचे काही दिवस बाबांचे पाय जमिनीला लागले नाहीत. रोज दुपारी मेहुणा हरत होता. बाबा गुणगुणत दुकानात जात होते, गिऱ्हाइकांच्या डोक्यावर कात्रीनं ताल धरत होते. एकाचे केस त्या तालात जरा जास्तच उडाले. मग ते गुणगुणणं कमी झालं. मग थांबलं. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, मेहुण्याला बरं दिसत नाही."

"म्हणजे?"

"पूर्वी मी प्यादं पुढे केलं तर हा हुंगायचासुद्धा नाही. त्याला ठाऊक असायचं, मागे काहीतरी डाव आहे. आता समोर ठेवलं की खातो. परवा तर वजीर उघडा टाकला. वजीर. याच्या वयाला हे शोभतं का?"

"प्रोग्रॅमला वय नसतं, बाबा."

"मग त्याला जागा मानवली नसेल. कालपासून मी जरा सांभाळूनच खेळतोय त्याच्याशी."

मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघितला आणि ते विरलं. दवाखान्यात कुणाला तरी ठेवून आलेल्या माणसासारखे दिसत होते ते.

रात्री जेवताना त्यांनी मुलाला विचारलं, "तुझ्या त्या खोलीत हवा नीट येते ना?"

"कुठल्या खोलीत?"

"मेहुण्याच्या."

"हां, ती होय," नवरा घास चावता चावता म्हणाला. "तिला हवा कशाला लागते? आणि आता तर मी त्याचा वेग पार कमी केलाय. आईची झोप मोडत होती ना."

बाबांचा हात ताटातच थांबला. नवऱ्याला उशिरा का होईना कळलं, की आपण काहीतरी सांडलंय. मग तो घाईघाईनं आवरायला गेला आणि सगळंच बाहेर आलं. मेहुण्याला प्रत्येक चालीला ठरावीक वेळ मिळतो. वेग पुरा असला, की तेवढ्या वेळात तो खूप पुढचं बघतो, पण पंखाही घरघरतो. वेग उतरवला की पंखा गप्प, आणि त्याच वेळात मेहुण्याचं जेमतेम नाकासमोरचं बघून होतं.

"मी पंखा गप्प करायला सांगितला होता," आई एकदम कडाडल्या. "माझ्या भावाचं डोकं नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला भाऊ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पण बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"म्हणजे मी त्याला गुंगीचं औषध देऊन हरवलं," ते म्हणाले. त्यांचा हात दाढीकडे गेला, तिथे काहीच सापडलं नाही, मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी भर उकाड्यात ते गळ्याला मफलर गुंडाळून दुकानात गेले आणि येईल त्याला स्वतःहून सांगत सुटले, "तो डाव रद्द. मी जिंकलो नाही." लोक म्हणाले, जाऊ द्या, जिंकलं ते जिंकलं, एवढं कोण बघतंय. त्यावर त्यांना जास्तच राग यायचा. पोस्टमन म्हणाला, "दाढी परत चिकटवणार का आता?" तर त्याला त्यांनी अर्ध्या कटिंगवर उठवलं.

मी म्हटलं, सोपं आहे, वेग परत वाढवा. बाबा नाही म्हणाले. "तिची झोप मोडायची नाही." संध्याकाळी खेळा म्हटलं तर संध्याकाळी दुकान. आईंना कानात कापूस घाला म्हटलं तर बाबांनीच मला गप्प केलं. जेवण झालं की ते बंद लॅपटॉपसमोर बसायचे, पट न मांडता, वेळ झाली की उठून जायचे. मला या दोघांचा असा संताप आला होता म्हणून सांगू. एवढ्याशा गोष्टीचा सोक्षमोक्ष लागत नाही आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता.

ती शेवटी आईंनाच सोसवेना. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, त्या उशी काखेत मारून बाहेरच्या खोलीत आल्या. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"मला झोप येत नाही," त्या बाबांना म्हणाल्या. "तुम्ही बाहेर असे मुके बसलात की मला आत झोप येत नाही. काय डोक्याला ताप आहे." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "त्याचं डोकं त्याला परत दे. सगळं. काही हातचं राखून ठेवू नकोस."

नवऱ्यानं कळा दाबल्या. गिरणी सुरू झाली. बाबांनी घाईघाईनं पट मांडला. आईंनी उशी खुर्चीवर टाकली आणि तिच्यावर ठाण मांडून बसल्या. संसार सगळा या डावांशेजारी झाला, पण एकही डाव त्यांनी कधी बघितला नव्हता. त्या वेळी त्या झोपलेल्या असायच्या.

"हा घोडा असा वाकडा का जातो?"

"त्याची चाल तशीच असते."

"आणि ही बारकी पुढे का उभी केली आहेत मरायला?"

"अगं, जरा थांब."

बाबांनी एक प्यादं पुढे केलं आणि श्वास धरून बसले. पंखा घरघरला, घरघरला, आणि मेहुण्यानं दुसरीकडेच उंट सरकवला. प्याद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हुंगलं नाही," बाबा पुटपुटले. त्यांचा रापलेला आणि पांढरा, दोन्ही मजले उजळले.

त्यानंतर मेहुण्यानं त्यांना जे धरलं ते सोडलंच नाही. इकडून उंट, तिकडून हत्ती, राजाला पाय ठेवायला जागा उरेना. आणि प्रत्येक तडाख्याला बाबा मांडीवर थाप मारून "वा, वा" म्हणत होते. आई चालीगणिक तापत होत्या. शेवटी मात झाली. बाबा मागे रेलून इतके हसले, की खुर्चीचे पाय वाजले. हसता हसता बाहीनं डोळे पुसत होते.

"आला गं, आला. ठणठणीत आहे. कसला बदडला मला, बघितलंस?"

"पण हरलात ना तुम्ही?"

"हरलो की. म्हणजे हा अजून हरवायचा बाकी आहे," ते म्हणाले, हरवलेली वस्तू खिशातच सापडल्यासारखे. "शब्द अजून माझ्याकडेच आहे."

आईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे रागानं बघितलं, आणि उशीसकट खुर्ची पटाजवळ ओढली.

"पुन्हा मांडा," त्या म्हणाल्या. "मी इथेच बसते. बघते हा कसा जिंकतो ते."

बाबांनी राजा-वजीर जागेवर ठेवले, आणि आई पुढची बारकी एकेक करून रांगेत लावायला लागल्या.